साखळीला बांधलेला पेला

जर्मनीतल्या आमच्या गावात दोन वेळा होत्या, एक गावाची आणि एक विद्यापीठाची. चर्चच्या घड्याळाने दहाचे ठोके दिले की खालच्या बाजारात दहा वाजायचे. वर विद्यापीठात मात्र दहाचा तास सव्वादहाला सुरू व्हायचा आणि त्याला कोणी उशीर म्हणत नसे. फार पूर्वी कुणाजवळ घड्याळ नसायचं, ठोके ऐकले की विद्यार्थी खोलीतून निघायचे, पोचायला पाव तास लागायचा, म्हणून तो पाव तास सोडलेला. पुढे घड्याळं आली, सायकली आल्या, पाव तास आहे तसाच राहिला. बाबा तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधक होते, आणि त्यांनी हा पाव तास असा काही अंगी मुरवला होता की दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा ते पाव तास उशिरा जायचे आणि वर तोंड करून परंपरा सांगायचे. आई बेकरीत कामाला होती, तिथे पहाटे एक मिनिट इकडचं तिकडे चालत नसे. ती म्हणायची, नागपूरला ह्याला आळशीपणा म्हणतात, इथे परंपरा म्हणतात, एवढाच फरक.

आमचं घर त्या बेकरीच्याच वर. खालच्या भट्टीमुळे स्वयंपाकघराची जमीन पहाटेपासून कोमट असायची, त्यामुळे हिवाळ्यातला माझा सगळा अभ्यास जमिनीवर पालथं पडून झाला. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही. रोग्गन नावाच्या काळपट धान्याचं पीठ बेकरीतून यायचं, आई त्याचीच भाकरी थापायची, आणि ती भाकरी काही केल्या फुगायची नाही. बाबा ती ठेच्याबरोबर चवीने खायचे आणि आईचा चेहरा बघून म्हणायचे, फुगायला काय, पोटात गेल्यावर फुगेल. एकदा नागपूरहून आलेली सुकट आईने तव्यावर टाकली तेव्हा बेकरीचे मालक हेर्र कोख जिना चढून वर आले आणि फार सभ्यपणे विचारू लागले की भिंतीत कुठे उंदीरबिंदीर मेलाय का. आईने त्यांना बसवलं आणि खाऊ घातलं. त्यांनी परत मागून घेतली, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

गावात माणसंही दोन प्रकारची होती, वरची आणि खालची. टेकडीवर प्राध्यापकांचे बंगले, खाली दुकानदार आणि कारागीर. खालचे म्हणायचे, ही वरची मंडळी आपल्या जिवावर पुस्तकं वाचतात. वरचे म्हणायचे, हे खालचे आपल्याला भाडं लावून लुटतात. दोघांचंही थोडंथोडं खरं होतं. आमचं काय? बाबा वर, आई खाली, घर खाली, शाळा मधोमध. मी कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरायचे, काय शिजतंय ते बघायचे, कोण कोणाला काय म्हणतं ते ऐकायचे. नाक खुपसायची खोड मला जन्मजात आहे. माझा मुलगा आजही म्हणतो, आई, बॉनच्या ट्राममध्ये तरी शेजारच्याच्या पिशवीत बघू नकोस. मी बघते. ह्या वयात कोण काय करणार आहे मला?

एक सांगून ठेवते. ह्या पानांवर मी तुम्हाला घडाघडा मराठी बोलताना दिसेन, पण तेव्हा तसं नव्हतं. आईबाबा मराठीत विचारायचे, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. माझी मराठी पुढे नागपूरला, सासरी सुधारली. सासूबाईंनी ती अहोजाहोसकट माझ्याकडून घोटून घेतली.

शाळेत फ्राउ हेल्विग आम्हाला इतिहास शिकवायच्या. उंच, हडकुळ्या, सतत खडूने माखलेल्या बाई. जुनं गाव त्या असं सांगायच्या की वास यायचा. त्या काळचे विद्यार्थी म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची पोरं, लांबच्या मुलखातून पायी आलेली, एका बिछान्यात तिघं झोपणारी. आपसात लॅटिनच बोलायचं, जर्मन बोलताना सापडला की दंड. कमरेला मात्र तलवार. गावाच्या शिपायाने त्यांना हात लावायचा नाही, कारण विद्यापीठाचं कोर्ट वेगळं, तुरुंगही वेगळा. विद्यापीठाच्या तळघरातल्या वाइनवर कर नाही, आणि खानावळवाल्याला थेंबाथेंबावर कर. तो जळणार नाही तर काय? गाववालेही काही साधू नव्हते, खोल्यांची भाडी वाढवायचे, पावाच्या पिठात भुसा घालायचे. शेवटी एकदा बाजारात जुंपली, डोकी फुटली, आणि सगळ्या विद्वानांनी पुस्तकं गाड्यांवर लादली, वेशीबाहेर पडून नदीपलीकडच्या कुरणात जाऊन बसले. गावाला वाटलं, बरं झालं, ब्याद टळली. मग हळूहळू कळलं की खोल्या रिकाम्या आहेत, पाव शिळे होताहेत आणि वाइन प्यायला कोणी नाही. हात दाखवून अवलक्षण. नगराध्यक्ष पाव आणि मीठ घेऊन कुरणात गेला आणि मनधरणी करून त्यांना परत घेऊन आला.

दर उन्हाळ्यात एका रविवारी गाव ही सगळी गोष्ट पुन्हा करायचं. शाळेतली मुलं सोंगं घ्यायची, अर्धी गाववाल्यांची, अर्धी विद्वानांची. भांडायचं, वेशीबाहेर जायचं, परत यायचं. शेवटी वेशीपाशी लांब बाकं मांडलेली असायची, तिथे खरा नगराध्यक्ष आणि खरा रेक्टर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, शेजारी शेजारी बसून एकच पाव मोडून खायचे आणि सगळे त्यांच्याभोवती दाटीने बसायचे. ह्या सगळ्यात एकच सोंग असं होतं की ते कोणाच्याच बाजूचं नव्हतं. शिंडर. मेलेली ढोरं ओढून नेणारा, कातडी सोलणारा, बेवारशी कुत्री धरणारा. तो मिरवणुकीत सगळ्यांच्या मागून चालायचा, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून त्याच्या काठीला घंटी असायची. आणि शेवटी सगळे बाकांवर बसले की तो वेशीच्या खांबाजवळ उभा राहायचा. खांबाला साखळीने एक कथलाचा पेला बांधलेला होता, त्यात त्याला वरून, न शिवता, बिअर ओतली जायची. ती तो गटागटा प्यायचा, तोंड वेडंवाकडं करायचा, आणि अख्खं गाव हसायचं.

सोंगांवरून पूर्वी घराघरांत भांडणं व्हायची म्हणून चिठ्ठ्या टाकायची पद्धत पडली होती. फ्राउ हेल्विगनी त्यांची लोकरी टोपी उलटी धरली, आम्ही एकेक हात घातला. मला काळा झगा घालून विद्वान व्हायचं होतं, लॅटिनचं एक वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. चिठ्ठी उघडली तर शिंडर. मी क्षणभर हिरमुसले, पण वर्ग असा खिदळला आणि माझ्या पाठीवर अशा थापा पडल्या की मला कळलं, हेच सगळ्यात मजेचं काम आहे. घंटी मिळणार, सगळे बघणार, मुलांसाठी बिअरऐवजी सफरचंदाचा रस. मी काठी आणि घंटी घेऊन उड्या मारत घरी गेले.

बाबा जेवत होते. मी जिन्यापासूनच घंटी वाजवत आले, स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या, मग दाराला टेकून उभी राहिले आणि हवेतला पेला तोंडाला लावून दाखवला. तोंड वेडंवाकडं केलं. आई हसली, तिला वाटलं काहीतरी प्राण्याचं सोंग असेल. बाबांनी विचारलं, हा कोण? मी सांगितलं. तो काय करतो, असं विचारलं, तेही सांगितलं. मग पेला वेगळा का, असं विचारलं, आणि मी फ्राउ हेल्विगसारखी बोटं नाचवत सांगितलं की त्याने शिवलेलं कोणी पीत नसे. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. आईने गॅस बंद केला. त्यांच्यात नागपुरी मराठीत असं काही भरभर बोलणं झालं की मला त्यातलं एकच नाव कळलं, काकूंचं.

ह्या काकू म्हणजे जवळच्या शहरात राहणारं एक पुण्याचं कुटुंब होतं, त्यातल्या. फार लाघवी बाई. दिवाळीला आम्हाला बोलवायच्या, चकलीचे डबे भरून द्यायच्या. त्या संध्याकाळचे योगाचे वर्ग घ्यायच्या आणि फ्राउ हेल्विग त्या वर्गाला जायच्या. बाबांनी दोन टोकं जोडली. आमचं आडनाव गजभिये. जर्मन माणसाला ते नुसतं उच्चारायला अवघड नाव, पण महाराष्ट्रातल्या माणसाला ते एकदा ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. बाबांना खात्री पटली की काकूंनी बाईंना सांगितलं, आणि बाईंनी मुद्दाम ती चिठ्ठी माझ्या हातात येईल असं केलं. आई म्हणाली, पोरीला पाठवूच नका त्या दिवशी, ताप आला म्हणून सांगू. बाबा म्हणाले, इतक्या लांब आलो ते ताप आला म्हणून सांगायला नाही. मला काहीच कळत नव्हतं. काय सांगितलं काकूंनी? आमच्यात सांगण्यासारखं होतं काय? मला तर वाटायचं, आमच्या घरात लपवण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सुकट.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाबा मला घेऊन फ्राउ हेल्विगना भेटायला गेले. त्या दिवशी विद्यापीठाची वेळ नव्हती, ठरल्याआधीच हजर. रिकाम्या वर्गात बाई फळा पुसत होत्या. बाबांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. शुद्ध, व्याकरणाच्या पुस्तकातल्या जर्मनमध्ये त्यांनी विचारलं, "आमच्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?" बाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. "काय सांगितलं?" असं त्यांनी विचारलं, आणि बाबांना वाटलं की ह्या साळसूदपणाचा आव आणताहेत. मग बाबा बोलत गेले.

माझ्या घराण्याची गोष्ट मी अशी ऐकली, जर्मनमध्ये, परक्या बाईंसमोर, खडूच्या वासात. बाबांचे आजोबा गावाबाहेर राहायचे. गावात ढोर मेलं की सांगावा यायचा, ते ओढून न्यायचं, सोलायचं, ते त्यांचंच काम होतं, कारण ते त्या घरात जन्मले होते. नंतर सगळ्यांनी ते काम टाकलं, बौद्ध झाले, बाबांचे वडील नागपूरला गिरणीत लागले, पोरगा शिकला. पण लहानपणी बाबा सुट्टीत आजोबांच्या गावी जायचे तेव्हा चहाच्या हॉटेलात त्यांच्या लोकांचे कप बाहेर, कुंपणाच्या काटकीला अडकवलेले असत. आपणच काढायचा, वरून चहा ओतला जायचा, आपणच विसळून परत अडकवायचा. "तुमच्याकडे निदान साखळी आहे," बाबा म्हणाले. "आमच्याकडे साखळी लागत नसे. तो कप चोरायला कोणी हातच लावला नसता."

फ्राउ हेल्विग पहिल्या बाकावर बसल्या, लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लागले. मग टोपी आणली, आदल्या दिवशीच्या चुरगळलेल्या चिठ्ठ्या अजून तिच्यातच होत्या, त्या बाकावर ओतल्या. "हेर्र गजभिये, मला यातलं काहीही माहीत नव्हतं. सुजाताने स्वतः हात घातला. त्या योगावाल्या बाई आम्हाला फक्त श्वास घ्यायला सांगतात." बाबा त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणजे सांगितलं ते मीच."

आणि ते हसायला लागले. मला ते हसू आवडलं नाही. इतकी वर्षं हा माणूस एक गोष्ट छातीशी धरून बसला होता, काकूंच्या चकल्या खाताना, हेर्र कोखशी हवापाण्याच्या गप्पा मारताना, आणि ती कोणीच मागितली नव्हती.

बाईंनी लगेच दुसरं सोंग देऊ केलं, विद्वानाचा झगा, हवा तर रेक्टरच्या मागचा. बाबांनी विचारलं, मग शिंडर कोण होईल? दुसरं कोणीतरी, बाई म्हणाल्या. बाबा म्हणाले, मग काय बदललं? त्यांच्यातला रसायनवाला आता जागा झाला होता, त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. तो शिंडर राहायचा कुठे, त्याची मुलं काय करायची, विद्वान ज्याच्यावर लिहायचे ते कातडं कोणाच्या हातून यायचं, गाववाल्यांचे बूट कशाचे होते. बाईंना सगळं माहीत होतं आणि कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्या सांगत गेल्या. त्याची वस्ती भिंतीबाहेर, नदीच्या उताराला. चर्चमध्ये त्याला शेवटचा बाक. मुलाला दुसरा धंदा शिकायची बंदी, विद्यापीठाचं तर नावच नको. हाड मोडलं की मात्र वरचे आणि खालचे दोघंही गुपचूप त्याच्याकडे जायचे, कारण हाडं त्याला जास्त कळायची. मी मधेच बसून एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, अशी आपली म्हण. आमच्या गावात दोघांची दिलजमाई झाली आणि तिसरा खांबापाशीच राहिला.

फ्राउ हेल्विगनी उत्सवाच्या समितीला विचारलं की ह्या वर्षापासून शिंडरला बाकावर बसवायचं का. समितीत निम्मे वरचे, निम्मे खालचे. तंबू कुठे ठोकायचा ह्यावरसुद्धा त्यांचं कधी जमत नसे. ह्याला नाही म्हणण्यावर मात्र जमलं. एका प्राध्यापकांचं म्हणणं पडलं की इतिहास बदलता येत नाही. हेर्र कोख म्हणाले, आल्झो, म्हणजे असं बघा, लोक त्या पेल्यासाठीच तर येतात. बाईंनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, हेच तर मी म्हणत होतो.

मग घरात खरा प्रश्न उभा राहिला. जायचं का नाही? आई एकदम विरुद्ध. तिचा राग बाबांवर होता. ती म्हणाली, पोरीला हे माहीत नको म्हणून इतक्या दूर संसार मांडला, आणि तुम्ही ते भर शाळेत काढलंत. लोक हसतील, आणि ह्या वेळी कोणावर हसताहेत ते आपल्याला माहीत असेल. तिचे डोळे भरले होते. मी सारखी विचारत होते, कप कुठल्या रंगाचा होता, आजोबा काय म्हणायचे, तुम्ही फेकून का नाही दिला, आणि बाबा प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते. फेकून का नाही दिला ह्यालाही. "तहान लागलेली असायची बेटा." शेवटी ते मला म्हणाले, "चिठ्ठी तुझी आहे. नाही म्हणालीस तर मला आनंद होईल. गेलीस तर मी तिथे उभा असेन."

मी जायचं ठरवलं. धैर्यबिर्य काही नव्हतं, उगाच मोठेपणा घेणार नाही. मला खरोखर बघायचं होतं की तिथे उभं राहिल्यावर कसं वाटतं.

रविवारी ऊन चांगलं होतं. मी मळकं पोतं अंगावर घेऊन, घंटी वाजवत, सगळ्यांच्या मागून नदीपलीकडे गेले आणि परत आले. लोक नाटकीपणे नाक दाबून बाजूला होत होते, त्यात आमच्या ओळखीचेच कितीतरी, काही जण डोळा मारून माझं कौतुकही करत होते. आईबाबा वेशीच्या जवळ, पण दणकट जर्मन पाठींच्या मागे, आई टाचा उंच करून. खरा नगराध्यक्ष आणि खरे रेक्टर बाकावर बसले, पाव मोडला, सगळे टाळ्या वाजवत त्यांच्याभोवती दाटले. मी खांबापाशी उभी राहिले. हेर्र कोख सुरई घेऊन आले आणि हात लांब करून त्यांनी वरून रस ओतला. पेला उचलला तर साखळी इतकी आखूड होती की प्यायला वाकावंच लागत होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वाकले तसं हसू सुरू झालं, आणि वाकल्यावाकल्या मला नेमकं कळलं की बाबांचा घास कशाने खाली राहिला होता. मी रस प्यायले नाही. पेला सोडला, काठी खांबाला टेकवली आणि बाकांकडे चालायला लागले. हसू थोडा वेळ चालू राहिलं, मग विरलं. पुढचे लोक बघायला उभे राहिले, आणि मागच्यांना दिसेनासं झालं.

घरी आल्यावर आईने मला जवळ घेतलं आणि त्या मळक्या पोत्यासकट बराच वेळ सोडलं नाही. बाबा तोवर स्वयंपाकघरात येरझारा घालत होते. त्यांच्यापुढे ती उंच माणसं उभी राहिली आणि नेमकं तेवढंच त्यांच्या बघण्यातून सुटलं होतं. मी बाकावर बसलेली, एका हाताला नगराध्यक्ष, दुसऱ्या हाताला रेक्टर, तोंडात पावाचा तुकडा, हे त्यांना दिसलं होतं, मधलं नाही.

"आधी कोण सरकलं?" त्यांनी विचारलं. "गाववाले की विद्यापीठवाले?"

मी म्हटलं, कोणीच नाही.

"असं कसं? जागा कोणी दिली?"

"कोणी नाही दिली, बाबा. मी बसले. मग सरकले."

बाबा कोमट जमिनीवर माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, परत सांग.